यकृत घट्ट झाले म्हणजे रक्त वाट का बदलते?

(मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त भरलेल्या आरोग्यविषयक सभेत केलेले भाषण)



आरोग्याच्या सभेत आपण आजवर रक्तक्षय, मधुमेह, बाळंतिणीचा आहार अशा विषयांवर पुष्कळ ऐकले आहे. यंदा चिटणीसबाईंनी मला चार शब्द बोलण्यास सांगितले, तेव्हा मी विषय आपण होऊन मागून घेतला. तो म्हणजे यकृताचा सिरोसिस. मी डॉक्टरीण नव्हे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. परंतु आमच्या थोरल्या जाऊबाईंचे हे दुखणे चार वर्षे आमच्या घरात होते आणि त्यांचे औषधपाणी माझ्याकडे होते. जे समजत नसे ते मी डॉक्टरांना विचारीत गेले आणि वहीत उतरवीत गेले. आजच्या भाषणासाठी ती वही एका डॉक्टरीणबाईंकडून तपासून घेतली आहे.

त्या काळात आपल्यापैकी कित्येकजणी मला विचारीत असत. पोटात पाणी का होते? पाणी कमी प्यायल्याने ते जाईल का? इतकी वर्षे वाढलेला रक्तदाब आपोआप उतरला, हे चांगलेच नाही का? रोग यकृताचा, मग डॉक्टर सारखे मूत्रपिंडाचे रक्त का तपासतात? प्रश्न निरनिराळे दिसतात, पण त्यांचे उत्तर एकाच ठिकाणी आहे. सिरोसिस हा नुसता यकृताचा रोग राहत नाही, त्यात सगळ्या अंगातले रक्ताचे चालणेच बदलते. हे एकदा नीट समजले म्हणजे रोग्याला काय द्यावे, काय देऊ नये आणि केव्हा धावत दवाखाना गाठावा, हे घरच्या बाईला उमजते.

प्रथम यकृताविषयी थोडेसे. आपण बोलताना काळीज म्हणतो ते हृदयाला. पण खाटकाकडे कलेजी मागितली तर तो यकृतच देतो. यकृत उजव्या बरगड्यांखाली असते आणि मोठ्या माणसात त्याचे वजन सुमारे दीड किलो भरते. हृदय दर मिनिटाला अंदाजे ५ लिटर रक्त बाहेर टाकते. त्यातले जवळजवळ पाव रक्त यकृतातून जाते. विशेष असे की, या रक्ताचा सुमारे तीन चतुर्थांश भाग हृदयाकडून थेट येत नाही. तो जठर, आतडी आणि पाणथरी यांतून गोळा होऊन एका मोठ्या शिरेने येतो. तिला डॉक्टर पोर्टल व्हेन म्हणतात. आपण खाल्लेल्या अन्नातले सर्व काही, बरे आणि वाईट, या वाटेने आधी यकृताच्या दारी येते. तिथे त्याची निवड होते आणि मगच ते रक्त हृदयाकडे जाते. धान्य निवडून मगच जात्यात टाकावे, तसाच हा प्रकार.

सिरोसिसमध्ये यकृत वर्षानुवर्षे जखमी होत राहते. जखम भरून येताना जसा व्रण राहतो, तसे व्रणांचे कठीण पट्टे यकृतभर पसरतात आणि मधून मधून गाठी उठतात. सिरोसिस हे नाव फ्रान्सचे डॉ. लायनेक यांनी १८१९ साली दिले. छाती तपासण्याची नळी १८१६ साली शोधून काढणारे ते हेच. अशा यकृताचा रंग पिवळसर तपकिरी दिसला, म्हणून त्या रंगाच्या ग्रीक शब्दावरून त्यांनी हे नाव ठेवले.

आता पहिला बदल. शेताला पाणी देताना पाटात गाळ साचला की पाणी थांबून राहत नाही. ते मागे तुंबते आणि बांध जिथे कच्चा असेल तिथून वाट काढते. तसेच येथे घडते. व्रणांमुळे यकृतातील बारीक वाटा चिमटतात, आणि त्यात भर म्हणून त्या स्वतःही आकसून जातात. मग पोर्टल शिरेतील रक्त तुंबून तिच्यातला दाब वाढतो. यकृताच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबात निरोगी माणसात पाऱ्याच्या ५ मिलिमीटरपेक्षा अधिक फरक नसतो. तो १० वर गेला की आडवाटा फुगू लागतात, आणि १२ च्या पुढे त्या फुटून रक्त जाण्याचे भय असते.

या आडवाटा कोठे असतात? सर्वांत धोक्याच्या असतात त्या अन्ननलिकेच्या खालच्या टोकाशी आणि जठरात. तेथील नाजूक शिरा इतके रक्त वाहण्यासाठी केलेल्याच नसतात. त्या दोरासारख्या गाठाळ होतात. पाणथरीतही रक्त तुंबते, ती मोठी होते, आणि रक्त गोठण्यास लागणाऱ्या बारीक पेशी तिच्यात अडकून पडतात. म्हणून अशा रोग्याचे रक्त तपासले की प्लेटलेट कमी आल्या असे सांगतात. शिवाय आडवाटेने जाणारे रक्त यकृताला चुकवून, न निवडता पुढे जाते. त्यातली विषारी द्रव्ये मेंदूपर्यंत पोचतात. रोगी दिवसा झोपतो, रात्री जागा राहतो, हात थरथरतो, बोलणे असंबद्ध होते. घरची माणसे त्याला म्हातारचळ म्हणतात, पण तो याच रोगाचा भाग असतो आणि बहुतेक वेळा औषधाने उतरतो.

येथवर समजण्यास सोपे आहे. दुसरा बदल मात्र मला पुष्कळ दिवस कळत नव्हता. जाऊबाई इतक्या अशक्त, पण त्यांचे तळहात लालबुंद आणि ऊन, नाडी जोरात आणि भरभर. अशक्त माणसाचे हात थंड असावयाचे, यांचे उलटे कसे? अमेरिकेतील डॉ. कोवाल्स्की आणि डॉ. एबलमन यांनी १९५३ साली अशा रोग्यांचे हृदय मोजून पाहिले. त्यांतील पुष्कळांचे हृदय स्वस्थ पडून असतानाही नेहमीपेक्षा अधिक रक्त ढकलीत होते. याचे कारण असे की, यकृतात जशा वाटा आकसतात, तशा यकृताबाहेरच्या, विशेषतः पोटातील रोहिण्या सैल होऊन रुंदावतात. आत आकसणे आणि बाहेर सैलावणे असा हा उलटा कारभार आहे. नळी रुंद झाली की आतला दाब उतरतो. दाब उतरला की हृदय तो भरून काढण्यासाठी अधिक धावते.

रोहिण्या सैल का पडतात? याला डॉक्टर एकच कारण देत नाहीत. तुंबलेल्या आतड्याची भिंत पाझरू लागते आणि आतड्यातील जंतू व त्यांचे अंश रक्तात शिरतात. निरोगी यकृत त्यांना दारातच अडवते. येथे दारही नीट नाही आणि आडवाटाही उघड्या आहेत. या जंतूंच्या चिथावणीने अंगभर एक बारीक दाह चालू राहतो आणि रोहिण्यांच्या भिंती नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू अधिक तयार करतात. हा वायू रक्तवाहिनीला सैल करतो. सिरोसिसमधील रोहिण्या यामुळेच रुंदावत असाव्यात, असे मत डॉ. व्हॅलन्स आणि डॉ. मोंकाडा यांनी १९९१ साली इंग्लंडमध्ये मांडले. आपल्या शरीरात हा वायू संदेश पोचविण्याचे काम करतो, या शोधाबद्दल तीन शास्त्रज्ञांना १९९८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. याशिवाय वाहिन्या सैल करणारी आणखीही द्रव्ये रक्तात साठतात, आणि पोटात नव्या रक्तवाहिन्याही फुटतात. त्यामुळे आतड्याकडे अधिकच रक्त येते आणि पुन्हा त्या तुंबलेल्या दारावरच आदळते. दुष्टचक्र म्हणतात ते हेच.

तिसरा बदल मूत्रपिंडाचा. हे समजण्यास आपल्याकडच्या नळाचा दाखला पुरे आहे. टाकीत पाणी भरपूर असते, पण खालच्या मजल्यावरच्या सगळ्यांनी नळ पूर्ण सोडले की वरच्या मजल्यावर धार करंगळीएवढी येते. वरच्या बाईला वाटते, आज पाणीच नाही. ती घाबरून हंडे, कळश्या, पिंपे सारे भरून ठेवू लागते. मूत्रपिंड ही ती वरच्या मजल्यावरची बाई. अंगात रक्त कमी नसते, पण ते पोटातल्या रुंद वाहिन्यांत पसरून बसलेले असते. मूत्रपिंडाला वाटते रक्त आटले. म्हणून ते मीठ आणि पाणी लघवीवाटे जाऊ न देता धरून ठेवते. हे साठवलेले पाणी तुंबलेल्या शिरांतून पाझरून पोटात उतरते. त्यालाच आपण जलोदर म्हणतो. रक्तातले पाणी वाहिनीतच धरून ठेवणारे अल्ब्युमिन नावाचे प्रथिन यकृतच तयार करते. तेही कमी पडते, म्हणून पाझर अधिक होतो. ही सर्व साखळी डॉ. श्रायर आणि त्यांचे निरनिराळ्या देशांतील सहकारी यांनी १९८८ साली जोडून दाखविली, आणि आजही डॉक्टर मुख्यतः तिच्याच आधाराने उपचार करतात.

पुढे पुढे मूत्रपिंडाकडे रक्त इतके कमी पोचते की ते स्वतः धड असूनही काम सोडते. हृदय बसल्या जागी जोरात चालते खरे, पण आजारपणाचा मोठा ताण आला की कमी पडते. काहींच्या फुप्फुसांतल्याही बारीक वाहिन्या रुंदावतात. अशा रोग्याला बसले की धाप लागते आणि आडवे पडले की बरे वाटते. आपल्या नेहमीच्या दमेकऱ्याच्या अगदी उलट. हे दिसले तर डॉक्टरांना अवश्य सांगावे.

भगिनींनो, आता स्वयंपाकघरात येऊ. मूत्रपिंड मीठ धरते आणि मिठामागे पाणी येते. म्हणून जलोदर झाला की पहिली काटछाट मिठाची करावयाची, पाण्याची नव्हे. रक्तातील सोडियम फार उतरले तरच डॉक्टर पाणी मोजून देण्यास सांगतात. मीठ सबंध दिवसात सुमारे ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा सपाट भरून. आणि पाव, बिस्किटे यांतले मीठही त्यातच धरावयाचे. पापड, लोणचे, सांडगे, फरसाण ही तर बंदच. खाण्याचा सोडा आणि पित्तावरची फसफसणारी पावडर यांतही सोडियम असते. सैंधव चालते असा समज आहे; पण सैंधव हेही मीठच. बाजारात मिठाऐवजी वापरण्याची पोटॅशियमची पूड मिळते, ती तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच देऊ नये. जलोदरावर देतात त्या स्पायरोनोलॅक्टोन गोळीबरोबर ती घेतली तर रक्तातले पोटॅशियम वाढून हृदयाला धोका होतो. मी रोज सकाळी एका लहान डबीत जाऊबाईंचे मीठ काढून ठेवीत असे. लिंबू, जिरे, लसूण, कोथिंबीर यांनी पदार्थाला चव आणता येते.

मीठ कमी करावयाचे, पण अन्न कमी करावयाचे नाही. डाळ, दूध, दही, अंडी ही यकृताला जड म्हणून बंद करण्याची जुनी रीत आज डॉक्टर सांगत नाहीत. रोग्याला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने हवी असतात. उपास तर करूच नयेत. घट्ट झालेल्या यकृतात साठा राहत नाही, त्यामुळे एका रात्रीच्या उपाशीपणात रोग्याच्या शरीराची स्थिती निरोगी माणसाच्या दोन-तीन दिवसांच्या उपासासारखी होते. म्हणून निजण्यापूर्वी थोडे खाणे द्यावे. जाऊबाईंना चतुर्थी सोडवेना. तेव्हा सासूबाईंनीच सांगितले, "तुझी चतुर्थी मी धरते, तू जेव." घरातल्या वडीलधाऱ्या बाईने असे म्हटले की पुष्कळ काम सोपे होते.

आता गोळ्यांविषयी. अंग दुखले, कंबर दुखली की आपण दुकानातून आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक अशा गोळ्या आणतो. अडचणीत सापडलेले मूत्रपिंड स्वतःकडे येणारी वाट एका द्रव्याच्या आधाराने उघडी ठेवीत असते, आणि या गोळ्या तेच द्रव्य बंद पाडतात. सिरोसिसच्या रोग्याला एवढ्यानेही मूत्रपिंड बंद पडण्याचा धोका असतो. ताप आला तर पॅरासिटॅमॉल किती द्यावे, तेही विचारूनच ठरवावे.

रक्तदाबाचे तसेच. जुना वाढलेला दाब उतरला तर पेढे वाटू नयेत. रोहिण्या सैलावल्याची ती खूण असू शकते. दाबाच्या काही जुन्या गोळ्या जलोदर झाल्यावर घातक ठरतात आणि डॉक्टर त्या बंद करतात. याउलट प्रोप्रॅनोलॉलसारखी गोळी दाब वाढलेला नसतानाही मुद्दाम देतात. पॅरिसच्या डॉ. लेब्रेक यांनी १९८०-८१ मध्ये दाखविले की, तिने पोर्टल शिरेतील दाब उतरतो आणि पुन्हा रक्त जाण्याचा धोका घटतो. "दाब तर नाही, मग ही गोळी कशाला?" असे म्हणून ती आपल्या मनाने बंद करू नये. वरचा दाब ९० च्या खाली गेला तर मात्र डॉक्टरांना लगेच कळवावे.

पोटातले पाणी सुईने काढतात, तेव्हा शेजारपाजार म्हणतो, सगळे एकदम काढून मोकळे का करीत नाहीत? काढता येते, पण पोट एकदम रिकामे झाले की रोहिण्या आणखी सैल पडतात आणि मूत्रपिंड पुन्हा कोरडे पडते. म्हणून ५ लिटरपेक्षा अधिक पाणी काढले तर दर लिटरमागे सुमारे ८ ग्रॅम अल्ब्युमिन शिरेतून देतात. बाटली महाग असते हे खरे, परंतु तो खर्च वायफळ नव्हे. रोज सकाळी एकाच वेळी वजन करून लिहून ठेवावे. पायावर सूज नसेल तर दिवसाला अर्ध्या किलोहून अधिक वजन उतरू नये.

तीन गोष्टी दिसल्या तर रात्र-पहाट पाहू नये. पहिली, रक्ताची उलटी किंवा डांबरासारखे काळे शौच. दुसरी, जलोदर असताना ताप किंवा पोटात दुखणे, कारण पोटातल्या पाण्यात जंतू शिरले तर मूत्रपिंड झपाट्याने ढासळते. तिसरी, भ्रमिष्टपणा किंवा लघवी एकाएकी कमी होणे. जाऊबाईंना एकदा पहाटे काळे शौच झाले. त्यांनी स्वतःच मला हाक मारली, कारण या खुणा त्यांनाही ठाऊक होत्या. दीड तासात त्या रुग्णालयात होत्या. दुर्बीण घालून त्या फुगलेल्या शिरांना रबराच्या बारीक कड्या घातल्या आणि रक्त थांबले. त्यानंतर त्या पावणेदोन वर्षे आमच्यात होत्या. धाकट्या मुलीचे लग्न त्यांनी डोळ्यांनी पाहिले. आज त्या नाहीत. पण ती पावणेदोन वर्षे काही थोडी नव्हेत.

आणखी एक बोलते आणि पुरे करते. यकृताचा आजार म्हटला की लोक कुजबुजतात, दारू असणार. दारू हे मोठे कारण आहे खरे. पण कावीळ ब आणि कावीळ क यांचे विषाणू, मधुमेह व स्थूलपणाबरोबर यकृतात साठणारी चरबी, ही कारणेही तितकीच खरी आहेत. जाऊबाईंनी दारूचा थेंब पाहिला नव्हता. त्यांना मधुमेह होता. पोट वाढले तेव्हा हळदीकुंकवात कोणी थट्टेने विचारले, "या वयात काय हो?" त्या दिवसापासून त्यांनी बाहेर पडणे सोडले आणि दवाखान्यात जाण्यास त्यामुळे तीन महिने उशीर झाला. हे मी कोणाला दोष देण्यासाठी सांगत नाही. पोट फुगलेल्या बाईला आपण प्रश्न विचारावा तो एवढाच, "दवाखान्यात कधी जाऊ या? मी बरोबर येते."

कावीळ ब ची लस बाळाला जन्मल्यापासून २४ तासांच्या आत मिळावयास हवी. आपल्या घरातल्या बाळंतिणींच्या कागदांवर ती पाहून घ्या. कावीळ क बहुतेकांत सुमारे १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी समूळ बरी होते. या दोन्ही काविळींच्या तपासण्या व औषधे विनामूल्य देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१८ साली सुरू झाला. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी वर्षातून एकदा यकृताची तपासणी करावी की काय, हे आपल्या डॉक्टरांना विचारावे. मूळ कारण वेळीच थांबले तर यकृताचा कठीणपणा काही अंशी उतरू शकतो आणि रक्तही पुष्कळसे आपल्या वाटेवर राहते.

माझी वही मंडळाच्या कपाटात ठेवण्यासाठी मी चिटणीसबाईंकडे देत आहे. ज्या घरात असा रोगी असेल त्या घरच्या बाईने ती खुशाल न्यावी, उतरून घ्यावी आणि पुढच्या बाईसाठी परत आणून द्यावी.